दार ते सुई : एका रांगेचे गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, आसाम सरकारकडे दोन फिरती पक्षाघात-उपचार वाहने सुपूर्द केली. वाहनातच सीटी स्कॅन यंत्र, रक्ततपासणीची सोय, दूरच्या तज्ज्ञाशी थेट संपर्क आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध. पूर्वी जवळजवळ चोवीस तासांनी मिळणारा उपचार आता सुमारे दोन तासांत मिळू लागला, असे परिषदेने जाहीर केले. रुग्णाला स्कॅनपर्यंत नेण्याऐवजी स्कॅन रुग्णापर्यंत न्यावा, ही कल्पना जर्मनीतील होम्बुर्ग येथे क्लाउस फासबेंडर यांच्या गटाने २००३ च्या सुमारास मांडली आणि २००८ मध्ये प्रत्यक्षात आणली. ती चहामळ्यांच्या आणि पुराच्या प्रदेशात चालवून दाखवणे हे मोठेच काम आहे, आणि विज्ञानवार्तांच्या पानांवर तिला जागा मिळाली याचा मला आनंद आहे.

तरीही ही बातमी बंगळुरूमध्ये बसून वाचताना मन अस्वस्थ झाले. आसामच्या गावात स्कॅन यंत्र दूर होते म्हणून चोवीस तास लागत होते. माझ्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत सीटी यंत्र असलेली रुग्णालये बोटांवर मोजण्यापलीकडची आहेत. होसूर रस्त्यावर निम्हान्ससारखी देशात नावाजलेली संस्था आहे. मग या शहरात वेळ जातो कुठे? मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आहे, वैद्यकशास्त्रात नाही. पण हा प्रश्न मला औषधापेक्षा रांगेचा वाटतो, आणि रांगांबद्दल आम्हा मंडळींना थोडेफार कळते.

प्रथम वेळेची किंमत. पक्षाघाताचे झटके ढोबळमानाने दोन प्रकारचे : मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणारे आणि रक्तवाहिनी फुटून होणारे. बहुसंख्य झटके पहिल्या प्रकारचे असतात. जेफ्री सेव्हर या अमेरिकी चेतातज्ज्ञाने २००६ मध्ये एक हिशेब मांडला, जो तेव्हापासून सर्वत्र उद्धृत होतो : मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी आणि त्यांच्यातील सुमारे १४०० कोटी जोडण्या नष्ट होतात. ही सरासरी आहे, हे लक्षात ठेवावे. एका रुग्णात हा वेग मिनिटाला काही हजार पेशींचा असतो, तर दुसऱ्यात कोटीच्या पुढे जातो. ज्याच्या मेंदूत पर्यायी रक्तवाहिन्यांचे जाळे चांगले, त्याला अधिक उसंत मिळते. तरीही आकडा हाताशी ठेवायला उपयोगी आहे. टॉमटॉम कंपनीच्या २०२२ च्या पाहणीनुसार बंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होते. गुणाकार करून पाहा : साडेपाच कोटी चेतापेशी. सिल्क बोर्डच्या चौकात अडकून पडणे म्हणजे काय, हे असेही मोजता येते.

या पेशी एका क्षणी मरत नाहीत, म्हणूनच उपचाराला अर्थ आहे. ग्रहणाच्या धड्यात आपण प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द शिकलो. १९८१ मध्ये आस्ट्रप, सिएसो आणि सायमन यांनी मेंदूसाठी नेमका हाच शब्द उचलला. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या आसपास घसरले की पेशींचे विद्युत्-संकेत बंद पडतात. १० च्या आसपास आले की पेशीचे आवरणच आयनांचा तोल राखू शकत नाही आणि पेशी मरते. या दोन उंबरठ्यांमधला प्रदेश म्हणजे उपच्छाया : मुकी झालेली, पण जिवंत असलेली ऊती. रुग्णाचा हात हलत नाही म्हणजे हात हलवणारा मेंदूचा भाग मेलाच असे नव्हे. तो वाट पाहत असतो. जसजसा वेळ जातो तसतशी उपच्छाया आक्रसते आणि प्रच्छाया पसरते.

आपल्याकडचा जुना शब्द अर्धांगवायू. शब्दातच वायू असल्यामुळे हा वाताचा विकार, शेक-मालिश-काढ्याने हळूहळू ओसरेल, अशी समजूत घराघरांत रुजली. लकव्याचे औषध देणारे एखादे गाव प्रत्येक जिल्ह्यात कुणाला तरी ठाऊक असतेच. हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखते आणि माणूस ओरडतो. मेंदूचा झटका बहुधा दुखत नाही. कित्येकदा ज्याला तो येतो, त्याला काही झाल्याचे कळतही नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. तीन वर्षांपूर्वी सोलापूरचे माझे मामा आमच्याकडे राहायला आले होते. सकाळी सव्वासातला चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. ते हसले, काहीतरी बोलले, शब्द जड येत होते. आम्हाला वाटले साखर उतरली. साखरपाणी दिले, जे अशा वेळी मुळीच देऊ नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाते. पडून राहायला सांगितले. पाऊण तासाने ओठाची एक बाजू उतरलेली दिसली तेव्हा मी धावपळ सुरू केली, आणि १०८ ला फोन करण्याऐवजी कॅब मागवली, कारण ती नकाशावर चार मिनिटांवर दिसत होती. रस्त्यात चाळीस मिनिटे गेली. रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही. त्याहून वाईट आणि त्याहून चांगली अशी दोन्ही प्रकारची रुग्णालये या शहरात आहेत. दारातच व्हीलचेअर मिळाली. मग फाइल करण्याचा काउंटर, मग अनामत रकमेचा काउंटर. स्कॅनच्या खोलीबाहेरचा कर्मचारी पावतीचा क्रमांक मागत होता. आतल्या तरुण डॉक्टर बाईंनी मामांना कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत काही विचारले. मामांनी मराठीत उत्तर दिले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “हे नेहमी असेच बोलतात का?” प्रश्न अगदी रास्त होता. जी भाषा आपल्याला येत नाही, तिच्यातले अडखळणे कानाने ओळखायचे कसे? पण उत्तर द्यायला मी तेथे नव्हतो; मी अनामत भरायच्या रांगेत होतो. तो प्रश्न माझी वाट पाहत पंधरा मिनिटे थांबला होता.

इंजेक्शन मिळाले तेव्हा कप पडल्याला तीन तास चाळीस मिनिटे झाली होती. मामा आज चालतात, बोलतात. उजव्या हाताने सही करता येत नाही, म्हणून निवृत्तिवेतनाच्या बँकेत अंगठा उमटवतात. चाळीस वर्षे साखर कारखान्याच्या हिशेबवह्या लिहिलेल्या माणसाला हे काय वाटत असेल, ते मी विचारलेले नाही.

त्या तीन तास चाळीस मिनिटांचा हिशेब मी नंतर अनेकदा मांडला. पाऊण तास आमचा, घरातला. चाळीस मिनिटे रस्त्याची. उरलेली सव्वादोन तासांची वाट रुग्णालयाच्या दाराच्या आतली. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग किती हे २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसते. नऊ चाचण्या, ६७५६ रुग्ण. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी ३२.९ टक्के लोक तीन ते सहा महिन्यांनी जवळजवळ अपंगत्वाशिवाय जगत होते. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण २३.१ टक्के. तीन ते साडेचार तासांच्या दरम्यान हीच तुलना ३५.३ विरुद्ध ३०.१ अशी होती. म्हणजे जवळपास दहा टक्क्यांचा लाभ पाचांवर आला. औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वेळेनुसार कमी होत नाही. तो तसाच राहतो.

आता रांग. रांगांचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये सुरू केले. त्यातला सर्वांत सोपा नमुना घेऊ. एका रुग्णालयात एकच सीटी यंत्र आहे. एका स्कॅनला सरासरी १५ मिनिटे लागतात, कधी कमी कधी जास्त. रुग्ण केव्हाही येतात. यंत्र अर्धा वेळ व्यग्र असेल तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा १५ मिनिटे. ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर ६० मिनिटे. ९० टक्के असेल तर १३५ मिनिटे. ९५ टक्के असेल तर २८५. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ९५ टक्के वापर म्हणजे उत्तम कारभार. गणिताच्या दृष्टीने ती कड्याची धार आहे. कारण प्रतीक्षा ही वापराच्या प्रमाणात वाढत नाही, तर उरलेल्या मोकळ्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात वाढते. विद्यार्थ्यांनी हा आलेख एकदा स्वतः काढून पाहावा.

यावर लोकांच्या मनात पहिला उपाय येतो तो दुसरे यंत्र विकत घेण्याचा. परंतु दुसरा उपाय फुकटचा आहे. समजा यंत्र ९० टक्के व्यग्र आहे आणि त्याच्या एकूण वेळेपैकी फक्त दोन टक्के वेळ पक्षाघाताच्या रुग्णांसाठी लागतो. चालू असलेला स्कॅन मध्येच तोडायचा नाही, पण तो संपताच पक्षाघाताचा रुग्ण सर्वांच्या पुढे न्यायचा, एवढा एकच नियम केला तर काय होते? पक्षाघाताच्या रुग्णाची सरासरी प्रतीक्षा १३५ मिनिटांवरून सुमारे १४ मिनिटांवर येते. आणि बाकीच्यांची? १३५ वरून सुमारे १३८. मी हे गणित प्रथम केले तेव्हा चूक झाली असे वाटून पुन्हा केले. एकाची दोन तासांची वाट वाचवण्यासाठी इतरांना द्यावी लागणारी किंमत तीन मिनिटे. गुडघ्याच्या स्कॅनसाठी आलेला कोणताही भला माणूस ती आनंदाने देईल, फक्त त्याला कोणी विचारले पाहिजे.

खरी रुग्णालये या नमुन्याइतकी सोपी नसतात, हे मला ठाऊक आहे. पुढे कोणाला न्यायचे हे ओळखणारा कोणी दारात उभा हवा, आणि बहुतेक ठिकाणी दारात उभा असतो तो सुरक्षारक्षक. पण नियमाने काय साधते याचा पुरावा हेलसिंकीत आहे. तेथील विद्यापीठ रुग्णालयात १९९८ मध्ये रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यक वेळ १०५ मिनिटे होता. वैद्यकीय भाषेत याला ‘दार ते सुई’ म्हणतात. २०११ मध्ये तो २० मिनिटांवर आला होता. या तेरा वर्षांत त्यांनी काही चमत्कारिक यंत्र शोधले नाही. रुग्णवाहिकेतूनच रुग्णाची माहिती कळवायची, तो पोहोचण्याआधी स्कॅनची मागणी नोंदवायची, खाटेवर न उतरवता त्याच स्ट्रेचरवरून थेट स्कॅनकडे न्यायचे, औषध स्कॅनच्या टेबलापाशीच द्यायचे. आत्ते मेरेतोया आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्याच पद्धतीने मेलबर्नच्या एका रुग्णालयाने काही महिन्यांत २५ मिनिटांपर्यंत मजल मारली. शाळेतल्या विद्युत्-परिपथाच्या भाषेत सांगायचे तर एकसर जोडलेली कामे त्यांनी समांतर जोडली. एकसर जोडणीत प्रत्येक रोध बेरजेत येतो. फाइल, अनामत, डॉक्टर, रक्त, स्कॅन, फोन, औषध : आमच्याकडे सगळे एकसर.

त्यातला अनामतीचा रोध तर कायद्याच्याही विरोधात जातो. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, सरकारी असो वा खाजगी, आणि कोणतीही औपचारिकता त्याच्या आड येऊ नये. निकाल आहे, पावतीचा काउंटरही आहे.

माझे म्हणणे असे की बंगळुरूतील ज्या रुग्णालयाला दारावर ‘स्ट्रोक सेंटर’ अशी पाटी लावायची आहे, त्याने आपला दार-ते-सुई वेळ दर तिमाहीला जाहीर करावा. सरासरी नव्हे, सरासरीत एक वेगवान दिवस दहा वाईट रात्री झाकतो. मध्यक द्यावा, आणि त्याबरोबर दहापैकी नऊ रुग्णांना किती मिनिटांच्या आत उपचार मिळाला तो आकडा. रात्रीचा आणि रविवारचा वेगळा.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, मोजमापाला लोक फसवतात. इंग्लंडने या शतकाच्या आरंभी तातडीच्या विभागासाठी चार तासांची मर्यादा घातली. त्यानंतर रुग्ण विभागातून बाहेर पडण्याच्या वेळांचा स्तंभालेख काढला तर चार तासांच्या अगदी अलीकडे, शेवटच्या काही मिनिटांत, एक उंच सुळका दिसू लागला. भौतिकशास्त्रात असा सुळका दिसला की आपण नवा कण सापडला म्हणून आनंदतो. येथे तो केवळ घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसांचा होता. तरीही त्या मोजमापामुळेच पुढे पन्नास लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासता आल्या, आणि २०२२ मध्ये समजले की दाखल होण्यास सहा ते आठ तास लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांत एक जास्तीचा मृत्यू घडतो. मोजलेच नसते तर हे मृत्यू घडले असते, दिसले मात्र नसते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दार-ते-सुई वेळ फक्त ज्यांना सुई मिळाली त्यांचा मोजला जातो. जो रुग्ण काउंटरवर इतका वेळ थांबला की साडेचार तासांची मुदत उलटून गेली, तो आकडेवारीतूनच नाहीसा होतो, आणि रुग्णालयाचा मध्यक उलट सुधारतो. म्हणून तिसरा आकडाही हवा : मुदतीच्या आत दारात आलेल्या आणि औषधास पात्र असलेल्या किती जणांना ते मिळाले. या एका आकड्यात लबाडी करणे बरेच अवघड आहे.

हाच निवडीचा घोटाळा आणखी एका बातमीत लपलेला आहे. २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी दाखवले की मोठी गुठळी नळीच्या साहाय्याने ओढून काढल्यास विलक्षण लाभ होतो. २०१८ मध्ये ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ या चाचण्यांनी तो लाभ अनुक्रमे चोवीस आणि सोळा तासांपर्यंत असल्याचे दाखवले. “आता चोवीस तास मिळतात” असे मी सुशिक्षित लोकांकडून ऐकले आहे. तसे नाही. त्या चाचण्यांत फक्त तेच रुग्ण घेतले होते ज्यांच्या स्कॅनमध्ये इतक्या तासांनंतरही वाचवण्याजोगी ऊती शिल्लक दिसत होती. म्हणजे ज्यांचा मेंदू मुळात हळू मरत होता ते. ज्यांचा भराभर मेला, ते त्या चाचणीच्या दारापर्यंत पोहोचलेच नाहीत. आपण पहिल्या गटात आहोत की दुसऱ्या, हे चहाचा कप पडताना कळत नाही.

कर्नाटकाला हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. हृदयविकारासाठी येथे ‘डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती’ योजना चालते : तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाने तो दुरून वाचायचा, आणि टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन तेथल्या तेथे मोफत द्यायचे. मेंदूतील गुठळीसाठीही, वेगळ्या मात्रेत, हेच औषध चालते. अमेरिकेने त्यासाठी मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. भारतात पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचे टेनेक्टेप्लेज त्याच्या कितीतरी आधीपासून या कामी वापरले जाते. अडचण एवढीच की हृदयासाठी चार तारा आणि एक कागद पुरतो. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय सांगता येत नाही, आणि रक्तस्रावात हे औषध दिले तर माणूस दगावेल. म्हणून तालुक्यात यंत्र हवे किंवा आसामसारखे वाहन हवे. शहरात ही अडचणही नाही. निम्हान्स आणि नीती आयोगाच्या साहाय्याने २०२२ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटक मेंदू-आरोग्य उपक्रमाने जिल्हा पातळीवर मेंदूच्या आजारांची दखल घेण्यास सुरुवात केली आहे. दार-ते-सुईची नोंद त्याच चौकटीत बसवता येईल. त्यासाठी लागते एक घड्याळ आणि लपवाछपवी न करणारी एक वही.

मामा सोलापूरला परतल्यावर मी आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. वरती तीन गोष्टी : तोंड वाकडे, हात खाली, बोलणे जड. त्याखाली १०८. त्याखाली, “शेवटचे ठीक कधी दिसले ती वेळ लिहा”, कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि घाबरलेल्या घराला तो आठवत नाही. शेवटच्या ओळीत रात्री तीन वाजताही सीटी आणि इंजेक्शन दोन्ही मिळेल अशा रुग्णालयाचे नाव लिहायचे होते. त्यासाठी मी जवळच्या तीन रुग्णालयांना फोन केला आणि विचारले की तुमचा दार-ते-सुई वेळ किती? पहिल्या ठिकाणी मला रुग्णाचे नाव विचारले गेले. दुसऱ्या ठिकाणी फोन विपणन विभागाकडे जोडून दिला. तिसऱ्या ठिकाणी एका परिचारिकेने जरा थांबून सांगितले, “सर, दिवसा पन्नास मिनिटे. रात्री जास्त लागतात, खोटे सांगत नाही.” कागदावर तिच्या रुग्णालयाचे नाव आहे.